काचतंतू-प्लॅस्टिकची मोटार-बांधणी

काचेचे बारीक तंतू व द्रवरूप रेझीन यांचे थर साच्यात एकावर एक बसवून आणि ते नेहमीच्या तापमानात कठीण होऊ देऊन मोटारगाडीची संपूर्ण बॉडी किंवा तिचे बॉनेट, मडगार्ड, बंपर यांसारखे सुटे भाग तयार करण्याची पद्धती. या पदार्थास शास्त्रीय परिभाषेत काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिक असे म्हणतात. गॅरेजमध्ये व रोजच्या बोलण्यात मात्र त्याचे ‘फायबर’ हे एकच नाव रूढ आहे. नावा, पाण्याच्या टाक्या, पुतळे, चित्रपटांचे देखावे अशा अनेक ठिकाणी तो वापरला जातो. मोटारगाडीच्या इतिहासात त्याला जे महत्त्व आले ते त्याच्या हलकेपणामुळे किंवा तो गंजत नाही यामुळे आले, असे सामान्यतः सांगितले जाते. हे गुण खरेच आहेत. परंतु मुख्य कारण निराळे आहे. जी वस्तू बनविण्यास तोपर्यंत मोठा कारखाना किंवा निष्णात कारागीर अपरिहार्य होता, ती वस्तू या पदार्थामुळे घरामागच्या शेडमध्ये दोन-तीन माणसांना बनविता येऊ लागली. गाडी कशी असावी यापेक्षा गाडी कोणी बनवावी, या बाबतीत त्याने अधिक फरक पाडला.

पोलादी पत्र्याच्या बॉडीतील प्रत्येक भागासाठी पोलादी साच्यांचा एक जोड व तो मिटवून पत्र्याला आकार देणारे, शेकडो टन दाबाचे दाबयंत्र लागते. हा खर्च गाड्यांची संख्या हजारोंनी वा लाखोंनी असेल तरच भरून निघतो. थोड्या गाड्या बनविणाऱ्यास दुसरा मार्ग म्हणजे पत्रा हाताने ठोकून त्याला गोलाई आणणे; ते काम वर्षानुवर्षे हात बसलेल्या कारागिराचे. हौशी माणसापाशी यांपैकी काहीच नसे. त्याला जुन्या गाडीचा सांगाडा मिळे, एंजिन मिळे, चाके मिळत. अडे ते बॉडीपाशी.

काचतंतू व रेझीन हे दोन्ही पदार्थ मोटार उद्योगाबाहेर जन्मास आले. अमेरिकेतील ओहायओ राज्यात ओएन्स-इलिनॉय या काच कंपनीत गेम्स स्लेटर यांच्या हाताखाली काम करणारे डेल क्लाइस्ट हे १९३२ साली काचेचे ठोकळे एकमेकांस जोडण्याचा प्रयत्न करीत असता दाबाखालील हवेचा झोत वितळलेल्या काचेवर आला व तिचे अतिशय बारीक तंतू झाले. या अपघातातून काचतंतूंच्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची पद्धती विकसित झाली आणि १९३८ मध्ये ओएन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास कार्लटन एलिस (१८७६–१९४१) यांनी असंतृप्त पॉलिएस्टर रेझिनांवर संशोधन केले व त्यांत स्टायरीन मिसळल्यास ती फार जलद कठीण होतात असे दाखविले. रेझीन कठीण होताना त्यातून पाणी किंवा वायू बाहेर पडत नाही, म्हणून ते दाबाखाली ठेवावे लागत नाही. घरगुती बांधणीच्या दृष्टीने हा गुणधर्म निर्णायक ठरला. दुसऱ्या महायुद्धात विमानांवरील रडारच्या आच्छादनांसाठी या संयुक्त पदार्थाचा उपयोग झाला, कारण रडारच्या लहरी त्यातून आरपार जातात. युद्ध संपताच तो नावा बांधणाऱ्यांच्या हाती आला. हेन्‍री फोर्ड यांनी १९४१ मध्ये लोकांपुढे आणलेली ‘प्लॅस्टिकची मोटार’ पुष्कळदा या प्रकारातील पहिली म्हणून सांगितली जाते, परंतु तिच्या पत्र्यांत काचतंतू नव्हते. काचतंतूंची बॉडी असलेली पहिली गाडी म्हणून विल्यम स्टाउट यांच्या १९४६ मधील प्रायोगिक गाडीचा निर्देश करणे अधिक योग्य होईल.

मोटारगाडी व नाव यांचा खरा संबंध कॅलिफोर्नियात जुळला. तेथे बिल ट्रिट हे लहान नावा बनवीत. एका लष्करी अधिकाऱ्यासाठी त्यांनी १९५० च्या सुमारास जीपच्या सांगाड्यावर काचतंतूंची बॉडी चढवून दिली. तिच्यावरून त्यांच्या ‘ग्लासपार’ कंपनीने ‘जी २’ ही बॉडी विकावयास काढली. १९५१ च्या अखेरीस लॉस अँजेल्स येथील प्रदर्शनात अशा गाड्या मांडण्यात आल्या आणि १९५२ च्या आरंभी लाइफ साप्ताहिकाने त्यांची छायाचित्रे छापली. रेझीन बनविणाऱ्या नॉगटक केमिकल या कंपनीने ट्रिट यांच्याकडून करवून घेतलेली एक गाडी जनरल मोटर्सला दाखविली. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्क येथे शेव्हर्ले कॉर्व्हेट ही गाडी लोकांसमोर आली. त्याच वर्षी ३०० गाड्या तयार झाल्या. जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने शेडमधील कारागिराचा पदार्थ उचलला, असा हा क्रम आहे. तो सहसा उलटा सांगितला जातो.

साचा व त्यातील काम : ही कृती समजल्याखेरीज पुढील इतिहास नीट कळणार नाही, म्हणून ती काहीशा तपशिलाने देणे आवश्यक आहे. प्रथम हव्या त्या भागाचा हुबेहूब मूळ नमुना तयार करतात. तो लाकूड, प्लॅस्टर किंवा जाळीवर लिंपलेल्या पुट्टीचा असतो. गाडीवरचाच चांगला भाग उपलब्ध असेल तर तोच नमुना म्हणून वापरतात. नमुना घासून आरशासारखा गुळगुळीत करावा लागतो, कारण त्यावरील प्रत्येक ओरखडा साच्यात व साच्यातून तयार होणाऱ्या प्रत्येक भागात उतरतो. एकूण श्रमांपैकी बहुतांश येथेच खर्च होतात आणि घाई केलेल्या कामाचा दोषही येथेच सुरू होतो. नमुन्यावर मेणाचे अनेक हात देऊन त्यावर पॉलिव्हिनिल अल्कोहॉलचा पातळ पापुद्रा चढवितात. मग जेलकोट या दाट, रंगीत रेझिनाचा थर देतात आणि तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतका आळला, की काचतंतूंच्या चटईचे तुकडे त्यावर अंथरून ब्रशाने रेझीन ठोकीत भरतात. हवेचे बुडबुडे खाचांच्या रुळाने दाबून काढावे लागतात. एका चौ. मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या चटईस तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझीन लागते व तिचा एक थर सु. १ मिमी. जाडीचा होतो. गाडीच्या भागास असे दोन-तीन थर पुरतात. साच्यास त्याहून बरेच अधिक थर व मागून लाकडाच्या किंवा नळ्यांच्या फासळ्या द्याव्या लागतात, नाहीतर तो कालांतराने पिळतो.

बाहेरून आत वळलेला आकार असेल, तर एकसंध साच्यातून भाग सुटत नाही. शाडूची गणेशमूर्ती साच्यातून काढणाऱ्यांना ही अडचण चांगली परिचित आहे आणि उपायही तोच आहे : साचा दोन किंवा अधिक तुकड्यांत करून तुकड्यांच्या कडांना पट्ट्या ठेवतात व ते बोल्टांनी जोडतात. भाग पुरता कठीण होण्यापूर्वी, तो चामड्यासारखा असतानाच, त्याच्या कडा धारदार सुरीने छाटतात. नंतर त्याच कामास करवत लागते व तिची धूळ अंगास खाजवीत राहते. शेवटी लाकडी पाचरी हलकेच ठोकून किंवा फटीत पाणी सोडून भाग सोडवितात.

रेझीन कठीण करण्यासाठी त्यात एक ते दोन टक्के ‘हार्डनर’ म्हणजे मेथिल एथिल कीटोन पेरॉक्साइड घालतात. कोबाल्टचे लवण हा त्वरक त्यापूर्वी मिसळलेला असावा लागतो. ही दोन द्रव्ये एकमेकांत सरळ मिसळली तर भडका उडतो किंवा स्फोट होतो, हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा इशारा होय. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. स्टायरीनची वाफ डोके जड करते व ती ज्वालाग्राही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनचा समावेश बहुधा कर्करोगजनक असलेल्या पदार्थांत केला. बंद शेडमध्ये संध्याकाळी काम करणाऱ्या हौशी पिढीला यांपैकी बरेचसे ठाऊक नव्हते. तापमान १५° से. खाली गेल्यास रेझीन नीट कठीण होत नाही. उलट महाराष्ट्रातील वैशाखात ते भांड्यातच धुमसू लागते व पावसाळ्यात चटई दमट झाली तर थर सुटतात.

काचतंतू-प्लॅस्टिक पोलादाच्या सु. एकपंचमांश वजनाचे असते, पण त्याचा ताठरपणा पोलादाच्या सु. पंचविसाव्या हिश्शाइतकाच भरतो. त्यामुळे सपाट पृष्ठभाग डळमळतो आणि गोलाई दिली की तोच थर ताठ उभा राहतो. १९५० नंतरच्या घरगुती गाड्या फुगीर व वळणदार दिसतात, याचे श्रेय रसिकतेइतकेच पदार्थाच्या या स्वभावाला आहे.

ब्रिटन : अमेरिकेत साधन होते, ब्रिटनमध्ये त्याला कराची जोड मिळाली. १९४० मध्ये सुरू झालेला खरेदीकर नव्या मोटारींच्या घाऊक किमतीवर आकारला जाई. १९५१ मध्ये त्याचे प्रमाण किमतीच्या दोनतृतीयांश इतके झाले. सुट्या भागांच्या रूपाने घेऊन मालकाने स्वतः जोडलेल्या गाडीस मात्र तो लागू नव्हता. याच काळात ऑस्टिन सेव्हन (१९२२–३९) व जुन्या लहान फोर्ड गाड्यांचे सांगाडे अल्प किमतीत मिळत. त्यांच्या बॉड्या कुजलेल्या असत, पण एंजिने चालू असत. ऑस्टिन सेव्हनच्या चाहत्यांचा ‘७५० मोटर क्लब’ १९३९ पासून होताच. कॉलिन चॅपमन यांची १९४८ मधील पहिली गाडी अशाच एका सेव्हनवर बांधलेली होती. १९५५ नंतर ॲशली, फाल्कन यांसारख्या लहान संस्थांनी काचतंतूंची कवचे विकण्यास सुरुवात केली आणि पगारदार तरुणास स्पोर्ट्स गाडीचे स्वप्न आवाक्यात आले. कवच घरी आल्यानंतर दारे बसविणे, काच लावणे, पाणी आत येऊ न देणे ही खरी कटकटीची कामे उरत. अर्धवट राहिलेल्या गाड्यांची संख्या पुऱ्या झालेल्या गाड्यांहून कमी नसावी.

या वातावरणातून टीव्हीआर, जिनेटा, फेअरथॉर्प आणि सर्वांत ठळक म्हणजे लोटस या कंपन्या पुढे आल्या. १९५७ मध्ये दाखविलेल्या लोटस एलिटमध्ये चॅपमन यांनी स्वतंत्र सांगाडाच काढून टाकला व जवळजवळ सर्व भार काचतंतूंच्या कवचावर टाकला. तांत्रिक दृष्ट्या ही झेप मोठी होती. व्यापारी दृष्ट्या ती कंपनीला महाग पडली. सु. एक हजार गाड्यांनंतर हा प्रयोग थांबला आणि १९६२ च्या एलान गाडीत पोलादी कणा परत आला. सुट्या भागांच्या संचाबरोबर जोडणीच्या सूचना दिल्यास कर लागू होईल, म्हणून चॅपमन यांनी गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या व त्या उलट क्रमाने वाचावयाच्या, अशी एक गोष्ट सांगतात. तिची सत्यता काहीही असो, त्या काळातील कर व हौस यांचे नाते तिच्यात बरोबर उतरले आहे. याच काळात रेझीन पुरविणाऱ्या स्कॉट बेडर कंपनीची मालकी तिच्या संस्थापकांनी १९५१ मध्ये कामगारांच्या सामाईक संस्थेकडे सोपविली. ई. एफ. शूमाकर यांनी स्मॉल इज ब्यूटिफुल (१९७३) या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. लहान प्रमाणावरील निर्मितीचा पुरस्कार करणाऱ्या ग्रंथात या कंपनीला स्थान मिळावे, हा योगायोग लक्षणीय म्हणावा लागेल.

नोव्हेंबर १९६२ मध्ये मोटारींवरील खरेदीकर २५ टक्क्यांवर आला. स्वस्त व जलद अशा कारखानी गाड्याही बाजारात आल्या होत्या. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदीकराच्या जागी आलेला मूल्यवर्धित कर सुट्या संचांनाही लागू झाला. पदार्थ, साचे व कौशल्य तेच राहिले, पण या व्यवसायाचा पाया निघून गेला. लोटसने आपल्या ‘सेव्हन’ गाडीचे हक्क त्याच वर्षी केटरॅम या विक्रेत्याकडे दिले.

साचा व त्याची मालकी : घरगुती बांधणीतला सर्वांत बिकट प्रश्न तांत्रिक नसून मालकीचा आहे. पोलादी बॉडीची नक्कल करण्यास नवे पोलादी साचे लागतात. काचतंतूंच्या बॉडीची नक्कल करण्यास फक्त एक बॉडी, मेणाचा डबा व आठवडाभराचे श्रम लागतात. ब्रूस मायर्स (१९२६–२०२१) यांच्या अनुभवाने हे स्पष्ट झाले. कॅलिफोर्नियात नावा बांधणाऱ्या मायर्स यांनी १९६४ मध्ये वाळूवर चालविण्यासाठी ‘मॅन्क्स’ ही उघडी गाडी केली. आरंभीच्या मोजक्या गाड्यांनंतर फोक्सवॅगन बीटलचा तळ सु. ३७ सेंमी. आखूड करून त्यावर बसविता येईल असे कवच त्यांनी विकावयास आणले. १९६७ मध्ये मायर्स व त्यांच्या सहचालकाने मेक्सिकोतील तिहुआना ते ला पाझ हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत तोडले व मागणी एकदम वाढली. तिच्याबरोबर नक्कलाही वाढल्या. अनेकांनी मॅन्क्सचे एक कवच विकत घेऊन त्यावरच साचा काढला. मायर्स न्यायालयात गेले, परंतु त्यांचे पेटंट टिकले नाही आणि १९७१ मध्ये त्यांची कंपनी बंद पडली. मूळ मॅन्क्स काही हजार झाल्या. तिच्या नकला जगभर त्याहून कितीतरी अधिक झाल्या.

याच प्रश्नावर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, तो नावेसंबंधी. फ्लॉरिडा राज्याने १९८३ मध्ये दुसऱ्याच्या नावेवरून सरळ साचा काढण्यास बंदी केली होती. बोनिटो बोट्स खटल्यात १९८९ मध्ये न्यायालयाने हा कायदा रद्द ठरविला : ज्या आकाराला पेटंट नाही, तो लोकांसमोर आल्यावर त्याची नक्कल करण्याचे स्वातंत्र्य राज्याला काढून घेता येत नाही. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, फेरारीच्या आकाराची काचतंतूंची कवचे विकणाऱ्या एका व्यावसायिकाविरुद्ध अपील न्यायालयाने निर्णय दिला. तेथे गाडीची बाह्याकृती हीच कंपनीची ओळख मानण्यात आली. दोन्ही निकालांतील कृती एकच आहे, मेण लावून साचा काढण्याची. एकीकडे ती मुक्त ठरली, दुसरीकडे निषिद्ध. नामांकित गाडीच्या बंपरवरून घरी साचा घेणारा माणूस आजही या दोन निकालांच्या मधल्या जागेत उभा असतो.

मोठ्या कारखान्यांनी हा पदार्थ सोडला नाही, पण हाताचे काम सोडले. रेझीन भिजविलेली चटई तापलेल्या पोलादी साच्यांत दाबण्याची पद्धती त्यांनी स्वीकारली. म्हणजे ज्या दाबयंत्रापासून सुटका झाली होती तेच परत आले. मोटार उद्योग नव्याने उभारू पाहणाऱ्या देशांना मात्र थोड्या भांडवलाचा हा मार्ग उपयोगी पडला. ब्रिटिश रिलायंट कंपनीच्या साहाय्याने इझ्राएलमध्ये सूसिता व तुर्कस्तानात अनाडोल (१९६६) या गाड्या निघाल्या. सूसिताची बॉडी उंट खातात अशी इझ्राएलमध्ये लोकप्रिय समजूत होती. काच व रेझीन यांत उंटास रुचण्यासारखे काही नाही. पूर्व जर्मनीची ट्राबांट हीही ‘फायबरची गाडी’ म्हणून ओळखली जाते, पण तिच्यात काचेऐवजी कापसाचे तंतू होते.

भारत : बंगलोर येथील सनराइज ऑटोमोटिव्ह इंडस्ट्रीज या कंपनीने १९७० नंतरच्या दशकात काचतंतूंची बॉडी असलेली ‘बादल’ ही तीन चाकी गाडी काढली. पुढे सिपानी या नावाने तिने रिलायंट किटनवर आधारलेली ‘डॉल्फिन’ १९८२ मध्ये बाजारात आणली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली व पोलादी पत्र्याच्या त्या स्वस्त गाडीपुढे डॉल्फिनचा टिकाव लागला नाही. फायबरच्या बॉडीविषयी ग्राहकांना वाटणारा अविश्वास हेही त्याचे एक कारण सांगितले जाते.

घरगुती बांधणीस भारतात कायद्याची चौकट आड येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळतः दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकास करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. ब्रिटनप्रमाणे जुन्या सांगाड्यावर नवे कवच चढवून रस्त्यावर आणणे येथे त्यामुळे शक्य होत नाही. फुटलेल्या बंपरची डागडुजी किंवा मिळत नसलेल्या जुन्या मडगार्डची प्रतिकृती एवढ्यापुरते हे काम शहरांतील गॅरेजांमध्ये चालते. याशिवाय ते आढळते ते अभियांत्रिकी महाविद्यालयांत. विद्यार्थ्यांसाठीच्या मोटार-स्पर्धांत उतरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतील गट आपल्या गाडीचे नाक व बाजूची आवरणे कार्यशाळेत स्वतःच्या साच्यातून काढतात. या गाड्यांची नोंदणी होत नाही. त्या केवळ बंदिस्त मार्गावर धावतात.